आधी बुबुळ, मग सोयरीक

आपल्याकडे मुलीचं लग्न ठरत आलं की तिचे सगळे आजार आपोआप बरे होतात. निदान घरची माणसं तसं सांगतात. कुंभकोणमच्या शेषाद्रींनी वेगळं काही केलं नाही.

शेषाद्री बँकेत अधिकारी. पूर्वज पिढ्यांपूर्वी तमिळ मुलखात आलेले, म्हणून घरात मराठी, उंबऱ्याबाहेर तमिळ. मुलगी श्रीलक्ष्मी शाळेत गणित शिकवते. वर्षात तिच्या चष्म्याचा नंबर तीनदा बदलला, तेव्हा केराटोकोनसचं निदान झालं. यात बुबुळ पातळ होऊन पुढे टोकदार होत जातं. तीन महिन्यांनी फेरतपासणीला बोलावलं होतं, ही मंडळी आली आठ महिन्यांनी. जवळच्या आडुतुरै गावचं स्थळ जवळजवळ पक्कं झालं होतं आणि त्याआधी नवा चष्मा हवा होता.

दवाखान्यात नव्या आलेल्या डॉक्टर जयलक्ष्मींनी यंत्राने काढलेले बुबुळाच्या आकाराचे जुने-नवे नकाशे शेजारी ठेवले. तमिळमध्ये म्हणाल्या, "आजार वाढलाय. क्रॉस-लिंकिंग करून घ्या."

शेषाद्री मुलीकडे वळून बिनधास्त मराठीत बोलले. चारचौघांत काही लपवायचं असलं की त्यांची हीच युक्ती असे. "तू उगी राहा. बरं दिसतं म्हणून सांग. ऑपरेशन म्हटलं की स्थळ गेलंच. लग्न होऊ दे, मग तिकडचे बघतील."

"ते बघतील हो अण्णा, पण हिला दिसायला नको?" डॉक्टर मराठीत म्हणाल्या. "माझं माहेर तिरुनीलक्कुडीचं. तिथंही आपली मराठी घरं आहेत."

शेषाद्री पुरते ओशाळले. श्रीलक्ष्मीला हसू आवरेना.

डॉक्टर मात्र हसल्या नाहीत. "औषधाचे थेंब घालून बुबुळावर ठरावीक प्रकाश देतात. बुबुळ घट्ट होतं, बहुतेकांचा आजार तिथंच थांबतो. चष्मा किंवा लेन्स लागेलच. पण बुबुळ फार पातळ झालं तर हे करता येत नाही. मग आत बारीक कडी बसवायची, किंवा नेत्रदानातून मिळालेलं बुबुळ शिवायचं."

"वर्षभर थांबलं तर?" शेषाद्रींनी विचारलं.

"तुम्ही थांबाल. बुबुळ थांबेल असं मी कसं सांगू?"

श्रीलक्ष्मी हळूच म्हणाली, "अप्पा, गेल्या आठवड्यात एका मुलीचं बरोबर गणित मी चूक दिलं. आकडा दोन-दोनदा दिसत होता. ती रडली. घरी बोलले नाही. डोळ्याचा विषय काढायचा नाही, असं तुम्हीच म्हणता ना?"

पोर बापापासूनही लपवू लागली होती! शेषाद्रींना ते फार लागलं. त्यांनी व्हरांड्यात जाऊन मुलाच्या वडिलांना फोन केला आणि आजाराचं नाव घेऊन सगळं सांगितलं. "आधी उपचार, मग लग्नाचा निश्चय," म्हणाले.

पलीकडून "विचार करून कळवतो" असं उत्तर आलं. त्यांनी पुढे कळवलं नाही. शेषाद्रींना वाईट वाटलं, चार दिवस जेवण गोड लागलं नाही. तरी पंधरवड्यात एका डोळ्याचा उपचार झाला, नंतर दुसऱ्याचा. वर्ष झालं, बुबुळाचा नकाशा बदललेला नाही.

वाचकहो, मोडलेली सोयरीक दुसरीकडे जुळते. आजार लपवून मात्र बरा होत नाही, त्यावरचे सोपे उपाय तेवढे हातचे जातात. म्हणून डॉक्टरांची तारीख आधी घ्या, लग्नाचा मुहूर्त नंतर काढा.