संघदीपचं गाणं

मंडईच्या जत्रेत दंडारीचा नाच-गाण्याचा खेळ सुरू झाला तेव्हा पार्वताबाई खुशालच्या शेजारी, सतरंजीवर अगदी पुढे बसली होती. मुलगा गेल्यापासून दिवाळीनंतरच्या या जत्रेत तिनं पाऊल टाकलं नव्हतं. आज आली, कारण तिच्या संघदीपनं सीमेवर रचलेलं गाणं दंडारवाल्या लीलाधरची मंडळी म्हणणार होती. त्यांना ते शिकवलं खुशालनंच. तो आणि संघदीप एकाच चौकीत होते. संघदीपला कुणी मारलं नव्हतं, तो बर्फाखाली गाडला गेला होता.

चौकीत ते गाणं सगळेच म्हणायचे. पंजाबी, मल्याळी पोरंसुद्धा, अर्थ विचारून घेऊन.

'यंदा धान मीच कापीन माय, बंदूक टांगीन खुंटीले,
पलीकडच्याचंही पिकलं असंन, जाऊ दे त्यालेही घरी.'

ढोलकी कडाडली. लुगडं नेसून बाई झालेला नाच्या गुड्डू कंबर हलवत पुढे आला, त्याच्यामागे फौजी कपड्यांत लीलाधर, हातात लाकडी बंदूक.

'यंदा मुंडकी मीच कापीन माय...'

शिट्ट्यांनी मांडव डोक्यावर घेतला. चाल तीच ठेवली होती, त्याची खुशालला शब्दांपेक्षा जास्त किळस आली. ज्यांनी जन्मात चौकी पाहिली नाही, ते जिलेबी चघळत रक्त मागत होते.

कडवं संपताच तो मंचाला जाऊन भिडला. "भाऊ, शब्द काऊन बदलवले?"

"अरे, फौजी माणूस धान कापते का? लोक उठून जातीन." लीलाधर घाम पुसत हसला. "आता पाह्य, वन्स मोअर भेटून राहिला."

मग त्यानं माईक तोंडाशी धरला. "या गाण्यावाल्या शहिदाची माय इथंच बसली आहे." लगेच कुणीतरी पार्वताबाईच्या खांद्यावर शाल टाकली, कुणीतरी फोटो काढला. झालं, सत्कार उरकला.

खुशाल परत येऊन बसला. तिनं त्याची बाही धरली.

"बापू, माह्या पोराले मुंडकी कापाची होती का?"

"नाही, मावशी."

"मंग काय म्हणत होता तो?"

खुशालनं तिच्या कानाशी तोंड नेलं आणि म्हणायला लागला. तेवढ्यात मंचावर तेच पुन्हा सुरू झालं.

"आयकू नाही येऊन राहिलं. मोठ्यानं म्हण."

त्यानं आवाज चढवला. तरी ती नाही म्हणून मान हलवत होती. शेवटी गळ्याच्या शिरा ताणून तो ओरडला, 'जाऊ दे त्यालेही घरी.'

मागच्या माणसानं खूश होऊन त्याच्या पाठीवर थाप मारली. "वा फौजी, जोश पायजे त असा."

पार्वताबाई अजून कानाशी हात धरून होती.