समुद्रदेवाच्या खोलीतल्या चादरी

त्या उन्हाळ्यात आमच्या घेंट शहरातल्या जुन्या मासळीबाजाराच्या कमानीवर, दगडी समुद्रदेवाभोवती फळ्यांच्या भिंती उभारून कुणा कलाकाराने एका रात्रीच्या मुक्कामाची खोली केली, तेव्हा गावाने आधी नाकं मुरडली आणि मग रांगा लावल्या. भिंतींना गुलाबी फुलांचा कागद, पलंगाच्या उशाशी त्रिशूळ घेतलेला देव. पाहुणा गेला की लोखंडी जिना चढून चादरी बदलायचं काम माझ्या आईकडे होतं. एकाहत्तराव्या वर्षी ती तो जिना असा चढायची की खाली कोळंबी विकणारा फ्लोरिस ओरडायचा, "गोडेलीव्ह, जपून! देव अजून बिनलग्नाचा आहे!"

ऑक्टोबरात परांची उतरली, फळ्या, पलंग, जिना सगळं ट्रकमधून गेलं, आणि आई मात्र रोज सकाळी नऊला सायकल काढून जातच राहिली. तिला भ्रम होतोय म्हणत डॉक्टरांनी तिच्यासाठी वृद्धाश्रमाचा अर्ज दिला. सही मला करायची होती. आईला तिच्या घरातून काढायचं मनाला पटेना, म्हणून तिला काही न सांगता तीन आठवडे तो अर्ज मी पिशवीतच वागवला. त्या काळजीने असेल, माझी झोपही बिघडली होती. सकाळी उठायचे तेव्हा पोटऱ्या भरून आलेल्या असायच्या.

शेवटी ठरवलं, तिला रिकामी कमान दाखवायची आणि मग सही करून टाकायची. बाजारात पोचले तेव्हा ती कमानीमागून येत होती, हातात चादरींचं बोचकं.

"आई, वर बघ. काय दिसतं?"

"देव."

"आणि खोली?"

"ती काढली ना ऑक्टोबरात! मला काय वेड लागलंय?"

मी बोचक्याकडे बोट केलं. "मग या चादरी कुठून आणल्यास?"

"खोली गेली गं. पाहुणी यायची थांबत नाही, त्याला मी काय करू?"

तिने बोचकं माझ्या हातात दिलं. ते ऊबदार होतं, नुकतंच कुणी अंथरुणातून उठावं तसं. घडीतून माझं मोत्याचं कानातलं घरंगळलं. काल रात्री घरी निजताना ते माझ्या कानात होतं. मी कान चाचपला, तो रिकामा होता. मला भीती वाटली, आणि कशाची ते कळेना.

आई रागावली नाही. माझे विस्कटलेले केस तिने हळूच कानामागे सारले.

"वीर्ला, तो पिशवीतला अर्ज इकडे दे, रोज रात्री इथे उशाशी घेऊन झोपतेस तो," ती म्हणाली. "सही मी करते, म्हणजे तू तरी घरी झोपशील."