दाचियानाने निवडलेली परीक्षा

मित्रांनो, कचेरीतल्या सगळ्या संगणकांच्या केबल ज्या एका चपट्या पेटीत येऊन मिळतात, ती पेटी तुम्ही कधी निरखून पाहिली आहे का? मी तसाच एक जुना नेटवर्क स्विच आहे. माझ्या पोटात पंखा आहे आणि तोंडावर हिरव्या दिव्यांच्या दोन रांगा. त्यांतले काही आता लागत नाहीत.

माझा जन्म कारखान्यात झाला, पण तिथलं फारसं आठवत नाही. आठवण सुरू होते ती रोमानियातल्या बाकाउ शहरातल्या एका वाचनालयापासून. तिथलं नेटवर्क मिरुना पावेल नावाच्या बाई सांभाळायच्या. सकाळी आल्या की त्या माझे दिवे बघायच्या, सगळे हिरवे असले की "शहाणा आहेस," म्हणायच्या आणि कॉफी करायला जायच्या. मला तेवढं कौतुक पुरायचं. पुढे माझ्याहून वेगवान स्विच आला. मला उतरवून खिडकीखाली ठेवलं आणि माझ्या डोक्यावर एक कुंडी आली.

तिथेच मी दाचियानाला पहिल्यांदा पाहिलं. ती मिरुनाबाईंच्या हाताखालच्या नोकरीसाठी मुलाखतीला आली होती. तरुणपणापासून ती बेकरीत कामाला होती. पीठ श्वासातून छातीत जाऊन तिला दमा जडला होता. हिवाळ्याआधी हे काम सोडा, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं. क्लुझ शहरात संगणक कंपनीत असलेली तिची बहीण रालुका म्हणाली होती, "प्रमाणपत्रं गोळा कर. जितकी जास्त, तितकं बरं." मग जाहिरातीत दिसेल तो कोर्स दाचियानाने केला होता.

मिरुनाबाईंनी तिचे कागद एकेक करून चाळले. "क्लाउड, सायबर सुरक्षा, डेटा... बाई, यातलं तुम्हाला करायचंय काय?"

"जे मिळेल ते."

"बरं. समजा, नेटवर्क बंद पडलं. आधी काय बघाल?"

दाचियानाने पाठ केलेली एक लांबलचक व्याख्या म्हणायला घेतली आणि मध्येच थांबली. "खरं सांगू? मला माहीत नाही. मी अजून एका केबललासुद्धा हात लावलेला नाही."

"बेकरीत पहिल्यांदा काय शिकवलं होतं?"

"कणीक मळायला. ईस्टरचा गोड पाव, कोझोनाक, मला वर्षभराने करू दिला."

"मग इथे एकदम कोझोनाकलाच हात घातलात होय?"

दाचियाना हसली, पण तिचे डोळे भरून आले. मिरुनाबाई मऊ आवाजात म्हणाल्या, "ही नोकरी मला तुम्हाला देता येणार नाही. पण माझं ऐका. घरी जाऊन जाहिराती वाचा, कोर्सच्या नव्हे, नोकऱ्यांच्या. आपल्या शहरातलं, तुमचं मन रमेल असं एक काम निवडा. त्याला जे प्रमाणपत्र मागतात तेवढंच घ्या. आणि सराव हाताने करा." मग त्यांनी माझ्यावरची कुंडी उचलली. "याला भंगारात द्यायचा होता. तुम्हीच घेऊन जा."

अशा तऱ्हेने मी दाचियानाच्या स्वयंपाकघरात आलो. तिचा नवरा ऑक्टाव शहर बसचा चालक होता. माझा पंखा सुरू होताच तो म्हणाला, "अगं, हा तर माझ्यापेक्षा मोठ्याने घोरतो."

"बरं झालं, आता तुझं घोरणं ऐकू येणार नाही."

दाचियानाने जाहिराती वाचल्या. दुग्धालय असो की शाळा, तिच्या शहरात जिथे तिथे नेटवर्कचं प्राथमिक ज्ञान आधी मागितलं होतं. कुठली गोष्ट कुठून निघून कुठे पोचते, हे शोधायला तिला आवडायचंही. तिने तीच परीक्षा निवडली. फोनवर रालुका नाराज झाली. "अगं ताई, ते तर कॉलेजातली पोरं देतात. सायबर सुरक्षेतला पगार बघ."

"बघितला. पण दार कुठे आहे तेच माहीत नसताना कुलूप कुठे लावू?"

मग आमचा अभ्यास सुरू झाला. एकदा तिने एकाच केबलची दोन्ही टोकं माझ्यातच खोचली. माझे सगळे दिवे वेड्यासारखे लुकलुकू लागले, घरातलं इंटरनेट बंद पडलं आणि ऑक्टावचा फुटबॉलचा सामना ऐन रंगात असताना गोठला. तो कुरकुरत राहिला. तिने मात्र एकेक केबल काढून पाहिली आणि चूक सापडल्यावर लहान मुलीसारखी टाळी वाजवली.

तरीही पहिल्या खेपेला ती थोडक्यात नापास झाली. तोवर थंडी पडली होती. ती अजून बेकरीतच जात होती आणि जिना चढताना तिला दोनदा बसावं लागायचं. त्या संध्याकाळी ती माझी वायर गुंडाळायला लागली. ऑक्टावने तिचा हात धरला.

"राहू दे तो. उद्यापासून बेकरी बंद. मी जादा फेऱ्या घेतो, तू पुन्हा बस परीक्षेला."

"आणि पुन्हा नापास झाले तर?"

"तर तिसऱ्यांदा बस. घोरण्याची सवय झालीय आता मला."

दुसऱ्या खेपेला ती उत्तीर्ण झाली. वसंतात एका दुग्धालयाच्या संगणक विभागात तिला मदतनीसाची नोकरी मिळाली. तिथल्या बंद पडणाऱ्या संगणकांनी तिला पुष्कळ शिकवलं. सायबर सुरक्षेचा जुना कागद तिच्याजवळ होताच, पण आता ती तो विषय पहिल्या पानापासून शिकते आहे.

"हे तर झालं होतं ना तुझं?" ऑक्टावने परवा विचारलं.

"कागद झाला होता," ती म्हणाली. "गेल्या महिन्यात कुणीतरी आमच्या संगणकांत शिरलं, तेव्हा समजलं की शिकायचं राहिलंय."

मित्रांनो, माझं आता वय झालं आहे. मध्यंतरी मी फार तापू लागलो, तेव्हा दाचियानाने माझं झाकण उघडून मऊ ब्रशने पंखा साफ केला. म्हणून आज तुमच्याशी बोलू शकतो आहे. तुमच्याही घरात माझ्यासारखं कुणी पडून असेल, तर त्याला भंगारात देण्याआधी शेजारीपाजारी विचारा. कदाचित तिथे कुणीतरी हाताने सराव करायला असंच काहीतरी शोधत असेल.