गिअरवरचा हात

ड्रायव्हरकाकांनी बत्तीस वर्षं बस चालवली आणि बत्तीस वर्षं एक हात गिअरच्या दांड्यावर ठेवला. गिअर बदलायचा असो वा नसो, हात तिथेच! रिटायर होऊन छोटी गाडी घेतली, पण जित्याची खोड ती, जाते कुठे? त्यात शेजारी बसून काकू त्या हातावर आपला हात ठेवायच्या. या वयात हे शोभतं का, असं विचारायची गल्लीत कुणाची टाप नव्हती.

आणि एक दिवस तो हात थरथरायला लागला.

काकांच्या वडिलांचे हात असेच गेले होते. शेवटी कपसुद्धा धरवत नव्हता. काकांनी घरी भरलेली कपबशी धरून पाहिली, तर थेंब सांडला नाही. पण गाडीत बसले की पुन्हा थरथर. "घरी शहाणा, बाहेर दीडशहाणा," त्यांनी हाताला शिव्या घातल्या आणि कुणाला काही सांगितलं नाही. काकूंना रोज जाणवत होतं. त्याही बोलल्या नाहीत.

महिनाभर काढला. मग काका काकूंना घेऊन लेकीच्या गॅरेजात गेले. तिच्यासमोर किल्ली धरली. "ही गाडी तू घे. माझं ड्रायव्हिंग संपलं. हात थरथरतो."

लेकीने बापाला गाडीत बसवलं, इंजिन चालू करायला लावलं. "ठेवा हात गिअरवर."

हात थरथरायला लागला.

"आता उचला."

काका उचलेनात.

"बाबा, उचला म्हणते ना!"

त्यांनी हात उचलला. हात हवेत जागच्या जागी, ढिम्म! खाली दांडा मात्र एकटाच थडथडत होता.

"अहो बाबा, इंजिनाखालचं रबर फाटलंय! तुम्ही हात कधी काढलाच नाही, तर कळणार कसं?" लेक पोट धरून हसली. मग दटावून म्हणाली, "आणि गिअर टाकला की हात स्टिअरिंगवर. हाताच्या भाराने आतले भाग झिजतात. एवढे जुने ड्रायव्हर तुम्ही!"

काका हसावं की रडावं या पेचात. रबर बदलेपर्यंत ते सारखे हात समोर धरून बघत होते. काकूंनी मात्र डोळे पुसले आणि पर्समधून एक कागद काढला. शिकाऊ लायसन!

"म्हणजे रोज फिरायला जायचीस ती..."

"ड्रायव्हिंग क्लासला. म्हटलं, तुमचा हात गेला तर तुमचं फिरणं थांबायला नको. मी चालवीन, तुम्ही शेजारी बसा."

काकांनी किल्ली काकूंच्या हातात दिली आणि शेजारच्या सीटवर जाऊन बसले. जन्मात पहिल्यांदा.

गाडी निघाली. काकूंनी दुसरा गिअर टाकला आणि हात स्टिअरिंगवर नेला. रिकाम्या दांड्यावर काकांचा हात सवयीने गेला.

"काढा तो हात! आमच्या क्लासात पहिल्याच दिवशी शिकवतात."

काकांनी हात उचलून मांडीवर ठेवला. बायकोकडे कौतुकाने पाहताना तो आता खरोखरच थरथरत होता, आणि त्यांना त्याची जराही भीती वाटली नाही.