डाव्या गालावरचा वारा

होडी ठेवायची की विकायची, यावरून आमच्या घरात महिनाभर खडाजंगी चालली होती. यांना अर्धांगाचा झटका येऊन गेला होता. हातपाय सुधारले, जीभ तर आधीपेक्षा जास्त चालायला लागली. तरी थोरला म्हणे, बाबांनी समुद्रावर एकट्याने जायचं नाही, होडी विका. आणि हे म्हणत, मग घरात बसून माश्या मारू का? शेवटी तोडगा मीच काढला. मी सोबत येते, समोरच्या वाऱ्यात खडकावरच्या दिव्यापर्यंत होडी नेऊन दाखवा. पोचलो तर ठेवा, नाही तर विका.

वाऱ्याच्या तोंडावर शिडाची होडी सरळ जात नाही, हे मला लग्नापासून पाठ आहे. आधी एका बाजूला तिरकं जायचं, मग वळून दुसऱ्या बाजूला. नाक वाऱ्यात फार घुसवलं की शीड फडफडतं आणि होडी मरते. फार बाहेर काढलं की नुसतीच धावते, पुढे काही सरकत नाही. मधली जागा बोटभर. ती जागा हे डोळ्यांनी शोधत नाहीत, गालावर लागणाऱ्या वाऱ्यावरून ओळखतात.

पहिला पल्ला झकास झाला. वारा उजवीकडून होता, होडी कापत निघाली. मला मेलीला वाटलं, जिंकले हे.

मग वळलो. वारा डावीकडून यायला लागला, आणि यांनी होडीचं नाक हळूहळू खडकाकडे वळवायला सुरुवात केली. दिसायला छान, अगदी दिव्यावर रोखलेलं. पण शिडाची कड थरथरायला लागली. होडी मंदावली, आडवी घसरायला लागली. हे नाक आणखीच आत घालत होते.

"वारा पडला," हे म्हणाले.

माझा पदर तोंडावर फडफडत होता. मी तो धरून ठेवला आणि यांच्याकडे पाहिलं. डाव्या गालावर सकाळच्या दाढीत कापल्याची रेघ होती. हल्ली तिथेच कापायचं, आणि कापल्याचं यांना आरशात बघितल्यावर कळायचं.

"अहो, वारा आहे," मी म्हणाले. "तुम्हाला लागत नाहीये."

यांनी माझ्या मुठीतल्या पदराकडे पाहिलं. मग हात गालावर ठेवला. मला रडू आलं. ते आवरायच्या भानगडीत मी पडले नाही.

होडी त्यांनीच माघारी वळवली. परतीला वारा पाठीवर होता, तशी होडी कुणालाही नेता येते. सुकाणू माझ्या हातात देऊन हे पुढे जाऊन बसले.

संध्याकाळी थोरल्याला फोन लावला तोही यांनीच. म्हणाले, "विकून टाक. तुझी आई फार घाबरते."

मी भाजी चिरत होते. यांनी फोन माझ्यापुढे धरला. थोरल्याने विचारलं, खरं का गं आई?

"हो रे बाबा," मी म्हणाले, "माझा जीव नुसता मुठीत होता."