सोळा की बारा

ती कामावर पोचली आणि दादाचा निरोप आला. 'पासपोर्टवरच्या शिक्क्यांचे फोटो पाठव. रिटर्नची मुदत परवा संपते.'

सहा वर्षं ती परदेशात दातांच्या प्रयोगशाळेत कवळ्या बनवत होती. मायदेशातलं तिचं आयकराचं रिटर्न दादाच भरायचा. तो एका करसल्लागाराकडे कामाला होता, आणि माणूस इतका सरळ की शेजाऱ्याचं वर्तमानपत्र चुकून दारात पडलं, तर न उघडता नेऊन द्यायचा.

'शिक्के कशाला? बारा दिवस लिही की,' असं तिनं कळवलं. लगेच फोन वाजला.

"बारा मलाही माहीत आहेत," दादा म्हणाला. "पण यंदा आमच्या साहेबांना कागद लागतो. देशात किती दिवस होतीस ते मोजून लिहायचं."

"दोन-चार दिवस इकडेतिकडे झाले तर काय आभाळ कोसळणार आहे?"

"काही नाही. तिकडच्या पगारावर इथे कर लागायला जेवढे दिवस राहावं लागतं, त्याच्या जवळपासही नाहीस तू. म्हणूनच म्हणतो, खोटं कशाला लिहायचं?"

"घरी गेल्यावर पाठवते," ती म्हणाली. पासपोर्ट तिच्या पर्समध्येच होता.

मेणात दात बसवताना तिचा हात कधी हलत नसे. आज दोन सुळे तिरके बसले. ते काढून पुन्हा लावले, तर हिरडीच बिघडली. शेजारच्या टेबलावरच्या बाईनं बघितलं आणि खिडकी उघडली.

मागच्या वर्षी बाबांच्या खुब्याचं ऑपरेशन झालं, म्हणून ती घरी गेली होती. बारा दिवस बाबांचं उठणं-बसणं, औषधं आणि भेटायला येणाऱ्यांचा चहा. वर प्रत्येकाचं एकच पालुपद, 'आता तुझं काय ठरलंय?' बाराव्या दिवशी दादानं रजा काढून तिला विमानतळावर सोडलं. त्याची गाडी दिसेनाशी झाली, तशी ती दुसऱ्या दारानं बाहेर पडली आणि घरापासून वीस मिनिटांवरच्या लॉजवर उतरली. तिकीट चार दिवसांनंतरचं होतं. तिला झोपायचं होतं, एवढंच.

तिसऱ्या दिवशी तिथेच दादाचा फोन आला. "बाबा न्हाणीघरात पडले. हाड शाबूत आहे. तू एवढ्या लांबून काय करणार, पण राहवलं नाही म्हणून सांगतोय."

तिनं तीनदा चपला घातल्या. एकदा तर जिना उतरून फाटकापर्यंत गेली. पण कुठून आले म्हणून सांगू? परत वर गेली.

जेवणाच्या सुट्टीत तिनं डबा उघडलाच नाही. इमारतीभोवती फेऱ्या मारत राहिली. तारीख अंगठ्याखाली झाकून फोटो काढला, पुसला. पान भिजलं म्हणावं का? चौथ्या फेरीला तिनं दादाला फोन लावला.

"सोळा लिही."

"बारा ना?"

"सोळा. तू सोडून गेल्यावर मी चार दिवस लॉजवर होते. गावातच."

पलीकडे कुणीतरी कागदांवर शिक्के मारत होतं. त्याचा आवाज तेवढा येत राहिला.

"बाबा पडले तेव्हा..." दादा म्हणाला.

"हो. तेव्हाही."

"मी एकट्यानं उचललं त्यांना."

तिची फेरी तिथेच थांबली.

"फोटो पाठव," तो म्हणाला. थोड्या वेळानं पुन्हा त्याचाच फोन आला. "कोड आला असेल, सांग." तिनं आकडे वाचून दाखवले. "भरलं," म्हणाला, आणि ठेवला.

संध्याकाळपर्यंत तिला धीर निघेना. दुसऱ्या कुणाकडून कळण्याआधी आपणच सांगावं, म्हणून कामावरून सुटताच तिनं बाबांना फोन केला आणि एका दमात सगळं सांगून टाकलं.

बाबा म्हणाले, "गादी तरी बरी होती का?"

"ठीक होती."

"मलाही वाटतं गं, चार दिवस कुठेतरी जाऊन नुसतं पडावं. पण मला सोडतंय कोण?" ते खोकले. "आली असतीस तर बरं झालं असतं, हे मात्र खरं."

"हो, बाबा."

दादा पुढे महिनाभर कामापुरताच बोलला. रिटर्नची पोच आली, ती भरलेल्या फॉर्मसकट त्यानं एका शब्दाविना पाठवून दिली. तिनं लगेच उघडली. देशातले दिवस, सोळा. तिनं पुढच्या सुट्टीचा अर्ज लिहायला घेतला, खोडला आणि पुन्हा लिहायला बसली.