साडेबारा व्होल्ट

गाडी गचके खाऊन परत बंद पडली, तेव्हा बाळकृष्णरावांनी हातातला पाना असा भिरकावला की तो कंपाऊंडच्या भिंतीवर जाऊन आदळला.

“चोर आहेत सगळे! एकजात चोर!”

सगळे म्हणजे बॅटरीवाला, स्पेअर पार्टवाला आणि छाणी गावचा तो गाड्यांचा इलेक्ट्रिशियन. त्या बिचाऱ्याने डायनॅमो तपासून “काका, आ तो बराबर चार्ज करे छे,” एवढंच सांगितलं होतं आणि त्यासाठी शिव्या खाऊन तो निघून गेला होता.

बाळकृष्णरावांचं आयुष्य रेल्वेच्या सिग्नल खात्यात गेलं. मैलोन्‌मैल लांब तारेत कुठे बिघाड आहे, ते हुडकून काढण्यात त्यांचा हात धरणारा बडोद्यात कोणी नव्हता. आता शहाण्णव सालात रस्त्यावरून नव्याकोऱ्या गाड्या सुळसुळत जात होत्या, आणि त्यांच्या दारातली जुनी फियाट उन्हाळ्यापासून ठप्प उभी होती. पॉइंट बदलले, कॉइल बदलली, चार्जिंगचा रेग्युलेटर नवा बसवला, डायनॅमो उतरवून परत चढवला. तरी ती कधी चालू व्हायची, कधी नाही, आणि चालू झाली तरी दोन मिनिटांत मान टाकायची.

“धर मीटर,” ते बायकोवर खेकसले. “पुन्हा पहिल्यापासून बघू.”

व्होल्टमीटर उन्हाळ्यापासून वसुंधराबाईच वाचत. बाळकृष्णरावांना सुई दिसत नव्हती. तबकडीकडे नजर रोखली की बरोबर मधोमध एक करडा डाग यायचा आणि सुई त्यात बुडून जायची. मीटरची काच खराब झाली आहे, असं ते म्हणत. स्वतःशीही तेच म्हणत.

त्यांनी मीटरच्या तारा बॅटरीला टेकवल्या. “किती?”

“अकरा.”

“अकरा! चार्ज करून आणली कालच! लुबाडतात नुसते.” त्यांनी किल्ली फिरवली, इंजिन चालू न करता नुसता करंट दिला आणि तार कॉइलला लावली. “इथे?”

तेवढ्यात रस्त्यावरून शेजारच्या नयनाबेननी “केम छो, वसुंधराबेन?” म्हणून हाक मारली. वसुंधराबाईंनी हसून मान हलवली आणि मीटरकडे बघत म्हणाल्या, “साडेबारा.”

बाळकृष्णरावांचा हात जागच्या जागी थांबला.

“किती म्हणालीस?”

“अं... अकरा.”

“साडेबारा म्हणालीस तू. अगं, टाकीत नाही ते पाणी नळाला येतं का? बॅटरीत अकरा, तर कॉइलवर साडेबारा येतील कुठून?”

वसुंधराबाईंनी मीटर बॉनेटच्या कडेला ठेवला.

“बॅटरीलाही साडेबाराच होते,” ते सावकाश म्हणाले. “आणि इंजिन चालू असताना? सुई पुढे सरकतच नाही म्हणायचीस.”

“सरकायची. चौदाच्याही जरा पुढे.”

म्हणजे चार्जिंग पहिल्यापासून चोख होतं. चांगला डायनॅमो त्यांनी स्वतःच्या हाताने उतरवला होता, खरं बोलणाऱ्या माणसाला दारातून हाकललं होतं. त्यांच्या कानांतून वाफा निघायला लागल्या. त्यांनी बॉनेटखाली डोकं खुपसलं. आता आकडे नकोत, काही नको. कॉइलपासून निघणारी बारीक तार त्यांनी बोटांनी चाचपत नेली. टोकाचं रबरी टोपण मागे सारलं. आतला नट सैल होता, बोटाने फिरत होता. खाली स्प्रिंग वॉशर असताना तो आपोआप सुटणं शक्य नव्हतं.

“हाही तूच?”

“हाही मीच. इतकी वर्षं तुमच्या शेजारी टॉर्च धरून उभी राहिले. एवढं कळतं मला.”

“लाज नाही वाटली? नवऱ्याला मूर्ख बनवताना?”

“वाटली ना! रोज वाटली!” आता त्यांचाही आवाज चढला. “उन्हाळ्यात पाणीगेटच्या रस्त्यावर तो सायकलवाला तुम्हाला दिसलाच नाही. मी किंचाळले म्हणून ब्रेक लागला. घरी येऊन म्हणालात, तो मध्ये घुसला. कुठला घुसतोय? समोर उभा होता तो! डॉक्टरकडे चला म्हटलं, तर माझ्याशी बोलणं टाकलंत. मग काय करायला हवं होतं मी?”

“माझे डोळे ठणठणीत आहेत!”

त्यांनी नट पिळून घट्ट केला, बॉनेट आपटलं आणि गाडीत बसले. किल्ली फिरवताच इंजिन लागलं, एकसारखं, एकही गचका न खाता. त्या आवाजाने त्यांचा राग आणखीच चढला.

“फाटक उघड!”

वसुंधराबाईंनी फाटक उघडलं. ते उघडल्याचा करकर आवाज आला. बाळकृष्णरावांनी समोर नजर रोखली. फाटकाचे दोन्ही खांब दिसत होते आणि मधला रस्ता मोकळा होता.

“बाजूला झालीस का?”

उत्तर नाही. रागावून घरात गेली असेल, जाऊ दे! त्यांनी गिअर टाकला आणि क्लच सोडला.

बॉनेटवर धाडकन दोन हात आदळले. त्यांनी सगळं बळ एकवटून ब्रेक दाबला. इंजिन हिसका देऊन बंद पडलं. मान जराशी वळवली, तेव्हा त्या करड्या डागाच्या कडेने बायकोचा पदर दिसला, मग कोपर, मग तिचा पांढराफटक पडलेला चेहरा.

“मी हललेच नव्हते,” ती म्हणाली. “इथेच होते. तुमच्या नाकासमोर.”

बाळकृष्णरावांनी किल्ली काढली.

“डोळ्यांचं राहू दे. पण तू मला खोटा आकडा सांगितलास. मला!”

“आणि तुम्ही कधी खरं सांगितलंत मला?”

त्यांचा राग तसाच राहिला. पुढच्या आठवड्यात डॉक्टरांनी डोळ्यांच्या पडद्याचा मधला भाग गेला आहे, तो परत येणार नाही, असं सांगितलं, तेव्हा ते डॉक्टरांवरही ओरडले. दिवाळीनंतर वसुंधराबाई गाडी शिकायला लागल्या. बाळकृष्णराव शेजारी बसून क्लचच्या आवाजावरून त्यांच्या चुका काढत आणि गल्लीभर ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने तासत. एकदा कारेलीबागेत भर रस्त्यात वसुंधराबाईंनी गाडी उभी केली आणि म्हणाल्या, “एवढंच असेल तर उतरा आणि चालत घरी जा.”

मागे हॉर्नचा गदारोळ चालला होता. बाळकृष्णराव दात-ओठ खात समोर बघत राहिले. उतरले मात्र नाहीत.

“पहिला गिअर टाक,” ते शेवटी म्हणाले.